वाचक विचारतात : घरातलं मोठं माणूस गेल्यावर

या वेळी निवडलेली सगळी पत्रं एकाच विषयाची आहेत. घरातले आजोबा, वडील, थोरले काका गेले. त्यांची आठवण नीट कशी जपायची? बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतात ती मोठी कामं: पुस्तक काढू, शाळेत बक्षीस ठेवू, झाड लावू. ही कामं वर्षभराने केली तरी काही बिघडत नाही. फोनमधला आवाज, माळ्यावरची कॅसेट आणि जुन्या फोटोतली माणसं ओळखणारी एकुलती एक आत्या मात्र तेवढं थांबतीलच असं नाही. म्हणून जे लवकर हातचं जाईल त्याची उत्तरं आधी घेतली आहेत.

आजोबांना जाऊन दीड महिना झाला. त्यांच्या सिमचा रिचार्ज पुढच्या आठवड्यात संपतोय. बाबा म्हणतात, नंबर बंद करून टाकू. त्यांचे व्हॉइस मेसेज आम्हा सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत, पण विखुरलेले. – नागपूर

आज रिचार्ज करा, सगळ्यात स्वस्तातला चालेल. नंबर सलग 90 दिवस अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे भलत्याच माणसाला दिला जातो. गॅस, वीजबिल, ईमेल, पेन्शन यांतलं काय काय त्या नंबराला जोडलेलं आहे, ते एकेक मेसेज आल्यावरच कळतं. त्यामुळे निदान वर्षभर तो चालू असू द्या. कायमचा ठेवायचा असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची ओळखपत्रं घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि नंबर वारसाच्या नावावर करून घ्या. बाकीच्या वारसांची ना-हरकत मागण्याची शक्यता आहे, तीही लिहून न्या. ओटीपी येतोय म्हणून त्यांच्या खात्यातून पैसे काढत राहणं मात्र सर्वस्वी चूक. बँकेला निधन कळवायचं आणि नॉमिनीने किंवा वारसांनी रीतसर दावा करायचा.

आता आवाज. साधारण 120 दिवस न वापरलेलं व्हॉट्सअ‍ॅप खातं कंपनी काढून टाकते. तुमच्या फोनमध्ये आलेले मेसेज त्यामुळे जात नाहीत. ते जातात तुम्ही फोन बदलता किंवा जागा करायला 'क्लीनर' चालवता तेव्हा. अँड्रॉइड फोनमध्ये हे मेसेज 'व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट्स' नावाच्या फोल्डरमध्ये आठवड्यावार साठलेले असतात. फाइलच्या नावात तारीख आणि क्रमांक असतो, बोलणाऱ्याचं नाव नसतं. सगळं फोल्डर उचलून ठेवलं तर पुढे आजोबांचा आवाज कुठला आणि दूधवाल्याचा कुठला, हे शेकडो फाइली ऐकल्याशिवाय कळणार नाही. म्हणून आजोबांचं चॅट उघडा, वरच्या तीन टिंबांत 'मोअर' आणि मग 'एक्सपोर्ट चॅट' घ्या, 'मीडियासह' निवडा. चॅट फार मोठं असेल तर जुने मेसेज त्यात येत नाहीत. ते वर सरकवत जाऊन हातानेच निवडावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण एका रविवारी होतं.

प्रत्येकाने हे आपापल्या फोनवर करायचं आणि सगळ्या फाइली एकाने गोळा करायच्या. नाव असं द्या: '2023-09-14 आजोबा – गणपतीला कधी निघताय'. तारीख वर्षापासून सुरू केली की यादी आपोआप क्रमाने लागते. मूळ फाइल तशीच ठेवून एमपी-थ्रीमध्ये वेगळी प्रत काढा. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे असू द्या. नुसत्या पेन ड्राइव्हवर विसंबू नका. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेला पेन ड्राइव्ह उघडेलच याची खात्री नसते.

त्यांच्या फोनचं कुलूप उघडत नसेल तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका. प्रत्येक चुकीनंतर फोन जास्त वेळ अडून बसतो आणि आयफोनमध्ये तशी सेटिंग चालू असेल तर दहाव्या चुकीला सगळं पुसलं जातं. गूगल खातं दोन वर्षं वापराविना राहिलं तर त्यातले फोटोही काढले जाऊ शकतात. मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गूगलकडे वेगळा अर्ज करता येतो. त्यालाही मृत्यूचा दाखला लागतो.

नाना कीर्तन करायचे. त्यांच्या अकरा कॅसेट सापडल्या आहेत. एकीवर पांढरट बुरशी दिसते. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून लावू का? – कोल्हापूर

बुरशीची कॅसेट लावू नका. ती बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून बाकीच्या दहा कॅसेटमध्ये जाते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि कॅसेट साफ करून देणाऱ्याकडेच द्या.

उरलेल्या दहांचं पहिलं काम म्हणजे कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन छोट्या टिकल्या तोडणं. त्या तुटल्या की चुकून 'रेकॉर्ड' दाबलं तरी कीर्तन पुसलं जात नाही. मग टेप जिथे उघडी दिसते त्या कडेतून आत पाहा: टेपच्या मागे पत्र्याच्या पट्टीवर नखाएवढा फेल्टचा तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज दबका आणि खालीवर येतो. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून, दुसऱ्या बिनकामाच्या कॅसेटमधली पट्टी त्यात बसवता येते. टेप तुटलेली असेल तर सेलोटेप लावू नका. तिचा डिंक पाझरतो आणि पुढचं वेटोळं चिकटतं. जोडकामाची खास पट्टी मिळते, तीच वापरा.

वाजवण्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे पळवा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली वेटोळी मोकळी होतात आणि अडकून तुटण्याची भीती कमी होते. दर दोन कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. टेपरेकॉर्डरच्या 'लाइन आउट'मधून वायर काढून संगणकाला जोडा आणि ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. टेपच्या स्पीकरसमोर मोबाइल धरून केलेलं रेकॉर्डिंग पंख्याच्या आणि रिक्षाच्या आवाजासकट कायमचं राहतं. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, वेव फाइल ठेवली तर तासाला सुमारे 630 एमबी जागा लागते. काम कॅसेटच्या वेगानेच होतं, घाई करता येत नाही: 90 ची कॅसेट दीड तास घेणार. आवाजाची पातळी आधी अभंगाच्या सगळ्यात चढ्या ओळीवर तपासा. निरूपणावर जुळवलेली पातळी टाळ-मृदंग आले की फाटते आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

कॅसेट फेकू नका. दहा वर्षांनी कुणाकडे चांगलं यंत्र असेल तर पुन्हा उतरवता येईल.

वडिलांचा चांगला फोटो एकच, पासपोर्ट साइजचा. 12 बाय 18 इंचांचा करून लावायचा आहे. शिवाय आजोबांचा जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. – चिपळूण

पासपोर्टचा फोटो ज्या स्टुडिओत काढला त्यांच्याकडे आधी जा. गेल्या काही वर्षांतला असेल तर मूळ फाइल संगणकात असण्याची बरीच शक्यता आहे, आणि ती मिळाली तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो.

नाही मिळाली तर हिशेब असा. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा. 1200 डीपीआयला, म्हणजे इंचाला 1200 ठिपके धरून, स्कॅन केला की साधारण 1650 बाय 2125 ठिपके मिळतात. 8 बाय 10 इंचांच्या छपाईत इंचाला दोनशेच्या वर ठिपके येतात, भिंतीवर ते छान दिसतं. 12 बाय 18 ला हा आकडा एकशे चाळीसच्या खाली उतरतो आणि मूळ कागदाचा रवाही दिसू लागतो. चेहरा पिठूळ होतो. म्हणून छपाई 8 बाय 10 चीच करा आणि भोवती दोन-अडीच इंचांचा रुंद माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालून फ्रेम मोठी करा. भिंतीवर तेवढीच भारदस्त दिसते.

दुकानदार एआयने चेहरा 'सुधारून' देऊ का, असं विचारतील. हे सॉफ्टवेअर चेहरा साफ करत नाही, अंदाजाने नवा रंगवतं. गालावरचा तीळ जातो, दात सरळ होतात, आणि आई म्हणते, 'हे तसे दिसत नाहीत.' ओरखडे आणि डाग तेवढे काढून घ्या, डोळे आणि तोंड यांना हात लावू देऊ नका. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाल्यास 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर वाटेतच बारीक होते.

आजोबांचा फोटो ओढून काढू नका. कोकणातल्या पावसाळ्यात फोटोवरचा सरसाचा थर ओल धरून मऊ होतो आणि काचेला बसतो. ओढला की चेहराच काचेवर राहतो. मागचा पुठ्ठा तेवढा काढा आणि काचेसकट स्कॅनरवर ठेवून स्कॅन करा. नवीन प्रत भिंतीवर लावा, मूळ फोटो काचेसकट कपाटात ठेवा.

नव्या फ्रेमला तोच त्रास होऊ नये म्हणून माउंट हवाच. त्यामुळे फोटो आणि काच यांत फट राहते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या लावा, भिंतीपासून अर्धा सेंटिमीटर तरी हवा खेळती राहते. पावसाचा मारा ज्या भिंतीवर होतो ती नको, न्हाणीघरामागची नको, समोरून ऊन येतं ती नको. उदबत्ती थेट खाली लावली तर काचेवर तेलकट काजळी बसते; हातभर बाजूला लावा. चंदनाच्या हारात धूळ साठते, दर दिवाळीला तो झटकायचा हे ठरवूनच आणा. दिशेबद्दल विचाराल तर दक्षिण ही पितरांची मानतात आणि देवघरात फोटो ठेवत नाहीत. त्यापुढचं घरच्या रीतीप्रमाणे करा. ओल मात्र कुठल्याही रीतीत बसत नाही.

जुन्या अल्बममधली निम्मी माणसं ओळखू येत नाहीत. सांगू शकतील अशा फक्त मोठ्या आत्या, वय 88. – परभणी

या महिन्यात जा. अल्बम न्याच, पण फोटो मोबाइलवर दाखवू नका. म्हाताऱ्या डोळ्यांना ते जमत नाही आणि बोट लागून पडदा सरकतो. मोठ्या फोटोंच्या ए-फोर आकाराच्या झेरॉक्स काढून न्या आणि प्रत्येक डोक्यावर आकडा घाला. दुपारची झोप झाल्यावर बसा, पाऊण तासापेक्षा जास्त नको. फोन बाजूला ठेवून रेकॉर्डिंग चालू असू द्या. 'हे कोण?' असं विचारलं तर 'बेबी' किंवा 'गोविंदाचा थोरला' असं उत्तर येतं. पुढचे तीन प्रश्न तिथल्या तिथे विचारा: लाडाचं नाव सोडून पूर्ण नाव काय, बाई असेल तर माहेरचं आडनाव काय, आणि गाव कुठलं. तीस वर्षांनी 'बेबी' कोण हे कुणालाच कळणार नाही.

नावं मूळ फोटोच्या मागे लिहायची तर बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढे चेहऱ्यावर उमटतो. जुन्या कागदी फोटोवर मऊ शिसपेन्सिल चालते. नंतरच्या गुळगुळीत पाठीच्या फोटोंवर ती उठत नाही. तिथे पाकिटावर लिहा. अल्बमची चिकट पानं आणि वरचं प्लास्टिक फोटोला पिवळं करतात. काढताना मध्ये दोरा सरकवत न्या, नखाने उचकटू नका. पत्रं किंवा मोडीतले कागद सापडले तर लॅमिनेशन अजिबात करू नका. उष्णतेने बसलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. धुतलेल्या सुती कापडाच्या रुमालात बांधून कोरड्या कपाटात ठेवा. मोडी वाचून हवी असेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा.

आम्ही तीन पिढ्या इंदूरचे. वडील श्रावण वद्यात गेले. वर्षश्राद्धासाठी इथल्या पंचांगात पाहिलं तर घोळ होतोय. भाऊ अमेरिकेत आहे, त्याची तारीखच वेगळी येते. – इंदूर

घोळ महिन्याच्या नावाचा आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे नाव एकच असतं. वद्य पक्षात तिकडचं पंचांग एक महिना पुढचं नाव सांगतं. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमी, तिकडे तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी. तुम्ही स्थानिक पंचांगात 'श्रावण कृष्ण' शोधलंत तर आपला आषाढ वद्य हाती येईल आणि श्राद्ध महिनाभर आधी होईल. महाराष्ट्रातलं पंचांग वापरा किंवा स्थानिक पंचांगात भाद्रपद कृष्ण पाहा. पितृपक्षाचे दिवस मात्र दोन्हीकडे तेच, फक्त आपण त्याला भाद्रपद वद्य म्हणतो आणि तिकडे आश्विन कृष्ण.

तिथी निधनाच्या क्षणाची धरायची. दिनदर्शिकेच्या चौकोनात छापलेली असते ती सूर्योदयाची तिथी, सोबत ती कधी संपते ती वेळ. समजा 9 तारखेच्या चौकोनात 'सप्तमी, रात्री 11.40 पर्यंत' असं आहे आणि निधन पहाटे तीनला, म्हणजे इंग्रजी 10 तारखेला झालं. तर तिथी अष्टमी. तिथी चंद्र-सूर्यांतल्या अंतरावरून ठरते, त्यामुळे त्या क्षणी इंदुरात अष्टमी असेल तर न्यू जर्सीतही अष्टमीच, मग तिथल्या घड्याळात आदली संध्याकाळ का असेना. भावाने तिथी तुमच्याकडूनच घ्यायची. श्राद्धाचा दिवस मात्र त्याच्या गावच्या पंचांगावरून काढायचा. ज्या दिवशी ती तिथी अपराह्नकाळी असते तो दिवस धरतात: दिवसाच्या पाच भागांतला चौथा भाग, सहा ते सहाचा दिवस असेल तर 1.12 ते 3.36. अधिक मास मध्ये आला तर स्वतः ठरवू नका, गुरुजींना विचारा. त्याचे नियम पहिल्या वर्षाला वेगळे आणि पुढे वेगळे आहेत.

एक गोष्ट हमखास राहून जाते. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ असते ती दवाखान्याच्या कागदावर, आणि तो कागद फाइलीच्या ढिगात जातो. आजच दाखल्याच्या झेरॉक्सवर वेळ, मास, पक्ष आणि तिथी लिहून ठेवा. पुढच्या पिढीला तिथीच माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच.

शहरात कावळा शिवत नाही, खालची मंडळी तासभर उन्हात उभी राहतात. – ठाणे

दर्भाचा कावळा करून त्याचा पिंडाला स्पर्श करवतात, ही मान्य रीत आहे. गुरुजींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे 'यांची कोणती इच्छा राहिली' यावर जमलेल्यांची चर्चा लांबत नाही. घरातल्या बाईमाणसांना ती चर्चा फार लागते.

दादांची रक्षा नदीत न सोडता शेतात झाड लावायचं ठरलंय. गावात एकाने असंच लावलेलं वडाचं रोप महिन्याभरात जळालं. – सातारा जिल्हा

जळालं ते रक्षेमुळेच असणार. रक्षेत क्षार भरपूर असतात आणि तिचा सामू (पीएच) सहज 10 च्या पुढे जातो. खड्ड्यात ओतून त्यावर रोप लावलं की कोवळी मुळं तिथेच करपतात. भावना बरोबर, जागा चुकीची. रक्षा आधी सगळ्या वावरात हाताने पातळ पसरा आणि नांगरटीत मिसळू द्या. झाडाच्या खड्ड्यात चिमूटभर, तीही तळाला नाही, कडेच्या मातीत.

झाड कुठलं? वड डौलदार खरा, पण बांधावर लावला तर वीस वर्षांनी त्याची सावली शेजाऱ्याच्या पिकावर जाते आणि दादांच्या नावाने भांडण उभं राहतं. विहीर, घर आणि पाइपलाइन यांच्यापासून तो पंधरा मीटर तरी लांब हवा. एवढी जागा नसेल तर आंबा लावा. नातवंडं फळ खाताना नाव काढतील. खड्डा एक मीटर लांब-रुंद-खोल, एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यायचा. भरताना पोयटा माती, तीन-चार घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी अर्धा किलो निंबोळी पेंड घाला. कच्चं शेण घातलं की हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर कलम लावा. कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे, आणि जोडाच्या खालून येणारे फुटवे खुडत राहा. नाहीतर वरचा हापूस मरतो आणि खालचं रायवळ वाढतं. खरी परीक्षा पहिल्या दोन उन्हाळ्यांत असते. पाणी घालण्याची पाळी कुणाची, हे लावायच्या दिवशीच ठरवा. फलक एकदाच लावायचा असतो, पाणी मात्र दोन वर्षं.

आजोबांची धोतरं आणि सदरे खूप आहेत. द्यायला मन होत नाही, ठेवून काय करायचं कळत नाही. – पुणे

आधी सगळ्यांना एकेक कपडा निवडू द्या, लेकी-सुना-जावई सगळ्यांना. त्यातला एक सदरा न धुता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तरी चालेल. पुष्कळ घरांत तो आजीला हवा असतो. चांगल्या स्थितीतले कपडे, वॉकर, न उघडलेली औषधं गरजूंकडे लवकर पोचवा. औषधांची मुदत संपते, शिवाय ती उगाच टेबलावर दिसत राहतात.

उरलेल्याची गोधडी शिवा. धोतराइतकं मऊ अस्तर विकत मिळत नाही. साडेचार मीटर लांब, सव्वा मीटर रुंद धोतर मधोमध कापलं की दोन थर मिळतात. दोन धोतरांत चार थर, कुठेही जोड न देता. एका माणसाची गोधडी 120 बाय 210 सेंटिमीटरची होते. खालच्या बाजूला आजीचं जुनं लुगडं, वरच्या बाजूला सदऱ्यांचे तुकडे. तुकडे 26 बाय 32 चे कापा. शिवणीत एकेक सेंटिमीटर जाऊन 24 बाय 30 उरतात. आडवे पाच, उभे सात, असे पस्तीस लागतात. एका सदऱ्याच्या पाठीतून चार, पुढच्या भागातून बटणपट्टी सोडून दोन, बाह्यांतून दोन, म्हणजे आठ तुकडे निघतात. पाच सदरे पुरतात. खिसा कापू नका. तो एका तुकड्यावर तसाच येऊ द्या, पोरं त्यात हात घालतात.

बिघडतं ते असं. टेरिलिनचा सदरा सुती तुकड्यांत मिसळला की पहिल्या धुण्यात सुती आकसतं आणि टेरिलिन फुगतं. म्हणून सुती वेगळं करा आणि सगळं कापड आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा. रंग जातो का, ते ओलं पांढरं फडकं घासून पाहा. झिजून विरलेलं धोतर वर आलं तर दोन हिवाळ्यांत फाटतं, ते नेहमी मधल्या थरात घ्या. थर फरशीवर ताणून अंथरा, कोपऱ्यांवर वजनं ठेवा आणि मध्यापासून बाहेरच्या कडेकडे मोठे टाचे घालून घ्या. टाचे न घालता थेट कडेपासून शिवत आलात तर सगळा झोळ मध्ये गोळा होतो आणि तो नंतर निघत नाही. मग धावदोरा कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत न्या, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. शंभर मीटरच्या आसपास जाड सुती दोरा लागतो, थोडा जास्तच आणा. सहा थरांतून सुई दाबताना बोटं दुखतात, अंगुस्तान वापरा. दोघी-तिघी बसल्या तर काम हलकं होतं.

वर्षश्राद्धाला अण्णांवर स्मरणिका काढायची आहे. किती पानं, किती प्रती? – डोंबिवली

चार महिने आधी सुरुवात करा. ए-फाइव्ह आकार, 48 पानं, मधोमध पिन. पानांची संख्या चारच्या पटीतच हवी, नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात. पानात अडीचशे शब्द धरले आणि फोटोंना आठ-दहा पानं सोडली तर साडेनऊ हजार शब्दांचा मजकूर बसतो, म्हणजे तीनशे शब्दांचे तीसेक लेख. आत 90 जीएसएम मॅपलिथो, फोटोंना 130 जीएसएम आर्ट पेपर, कव्हरला 250 च्या पुढे. दोन-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते, त्यापुढे ऑफसेटचा दर विचारा.

लोकांना 'अण्णांवर काहीतरी लिहा' असं सांगू नका. सगळे 'प्रेमळ, शिस्तप्रिय, परोपकारी' एवढंच लिहितात आणि तीस लेख एकाच माणसाने लिहिल्यासारखे होतात. प्रत्येकाला वेगळा, नेमका प्रश्न द्या: ऑफिसच्या मित्राला 'संपाच्या दिवसांत ते काय करायचे?', सुनेला 'बाजारातून भाजी आणली की आधी काय बघायचे?', नातवाला 'गणित चुकलं की काय म्हणायचे?' जे लिहीत नाहीत त्यांचं फोनवर ऐकून तुम्ही लिहा.

जुन्या श्री-लिपीसारख्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. छापखान्यात देण्याआधी कागदावर काढून वाचा, पडद्यावर चुका निसटतात. वंशवृक्षाचं पान घरातल्या दोन वेगवेगळ्या शाखांच्या माणसांकडून तपासून घ्या. लेकींची मुलं, वारलेलं एखादं भावंड, दुसऱ्या लग्नाची शाखा यांपैकी काहीतरी राहतंच, आणि ती चूक तीनशे प्रतींत छापून जाते.

शाळेत काकांच्या नावाने बक्षीस ठेवायचं आहे, 50,000 रुपये. – सोलापूर

सात टक्क्यांनी वर्षाला 3,500 व्याज येईल. सगळं वाटलंत तर वीस वर्षांनीही बक्षीस 3,500 चंच राहील आणि तेव्हा त्यात फारसं काही येणार नाही. 2,000 वाटा, 1,500 मुद्दलात टाका. व्याजदर आणि वाटपाचं हे प्रमाण तेच राहिलं तर दहा वर्षांनी मुद्दल 67,000 च्या पुढे जाईल आणि बक्षीस 2,700 च्या जवळ. पैसे चेकने द्या. पावतीवर आणि सोबतच्या पत्रात 'कायम निधी' असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर रक्कम रंगकामात खर्ची पडू शकते. पत्रात आणखी दोन कलमं हवीत: तो विषय किंवा इयत्ता बंद झाली तर बक्षीस कुणाला, आणि शाळाच बंद झाली तर निधी कुठे. विषय फार अरुंद ठेवू नका. 'संस्कृतात पहिली येणारी विद्यार्थिनी' असं लिहिलं आणि संस्कृत घेणारी मुलगीच नसेल तर बक्षीस पडून राहतं.

अस्थी घेऊन नाशिकला जातोय. तिथल्या वहीत नाव घालतात म्हणे. बरोबर काय न्यावं? – अकोला

गेलेल्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं आणि पणजोबांचं पूर्ण नाव, आडनाव बदललेलं असेल तर जुनं आडनाव, आणि मूळ गाव. नोंदी गाव आणि आडनावावरून लागतात, त्यामुळे 'अकोला' सांगून उपयोग नाही. घराणं जिथून आलं ते खेडं सांगावं लागतं. ते माहीत नसेल तर निघण्याआधी भाऊबंदांना फोन करा. तुमच्या घराण्याची वही ठेवणारे तीर्थोपाध्याय सापडले की जुनी नोंद वाचून घ्या, तिचा फोटो काढू देतात का ते विचारा आणि मगच नवी घाला. लेकींची नावंही सांगा. सांगितल्याशिवाय ती बऱ्याचदा लिहिली जात नाहीत. तारखेसोबत तिथी लिहा, खाली स्वतःची सही आणि पूर्ण पत्ता. दक्षिणा वही उघडण्याआधी ठरवून घ्या.